दसऱ्याच्या दिवशीचा फोटो

केशरबाईंनी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून घेतला, तो पोथी वाचायला नव्हे आणि सुईत दोरा ओवायलाही नव्हे. घरच्यांना तसं वाटलं, आणि केशरबाईंनी तसं वाटू दिलं. खरं कारण एकच होतं. दुधना नदीच्या काठी राजेवाकडीची गढी आहे. कैक वर्षं कुलूप लागलेली ती गढी दुरुस्त करून वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांना उघडी केली होती. आणि त्या गढीत कुठंतरी, कुठल्यातरी भिंतीवर, त्यांच्या आईचा फोटो होता.

आईचं तोंड केशरबाईंना आठवत नव्हतं. आई गेली तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. आता ब्याऐंशी सरत आलं. डोळे मिटून आई म्हटलं की राही मावशीचं तोंड समोर यायचं, कारण वाढवलं मावशीनं. मावशी सांगायची, "धुरपदा माझ्यापरीस उजळ होती. हनुवटीला खळी होती तिच्या." पण सांगण्यावरून माणूस उभं राहत नाही. खळी एकीची घ्यावी, रंग एकीचा घ्यावा, तर दर खेपेला नवीच बाई समोर येऊन बसायची आणि परक्यासारखी बघायची.

बरं, नुसतं बघायचं असतं तरी एक वेळ मन मारलं असतं. पण केशरबाईंना त्या तोंडाकडं बघून एक वाक्य बोलायचं होतं. तीस वर्षं ते वाक्य त्यांनी पोटात ठेवलं होतं. नवऱ्यापाशी काढलं नाही, लेकरांपाशी काढलं नाही. 'माय, मला कळत न्हवतं.' एवढंच.

नात वैष्णवी परभणीहून सुट्टीला आली होती, तिनं मोबाइलवर दाखवलं. "आजी, तुझ्या माहेराकडची गढी बघ. तिकीट लावलंय आता."

"फोटू हायत का गं आत?"

"फोटोंची अख्खी खोली आहे."

दुसऱ्या दिवशी केशरबाई लेकाला म्हणाल्या, "महारुद्रा, माझा डोळा करून आण."

महारुद्र ताटावरून बघतच राहिला. "पाच वर्षं हातापाया पडलो तुझ्या. न्हाई म्हणलीस. आज काय सपनात डाक्टर आला का?"

"आला," केशरबाई म्हणाल्या. "तू जेव."

*

डोळा बरा व्हायला दीड महिना गेला. पळसाला फुलं आली, आणि एका मंगळवारी केशरबाई जाऊबाईंना घेऊन निघाल्या. जाऊ म्हणजे नर्मदाबाई, वयानं आठ वर्षांनी धाकट्या, तोंडानं दहा वर्षांनी मोठ्या. झरीहून परभणी, परभणीहून सेलूची गाडी, सेलूहून काळीपिवळी. काळीपिवळीत नर्मदाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यांनी डोळा करून आणला तवापासून घरादाराचा जीव खाल्लाय. माझ्या चुलीमागची जाळी यांना ओसरीवरून दिसायलीत."

"जाळी व्हती म्हणून दिसली."

"आधी बी व्हती की. चाळीस वर्षं व्हती. तवा किती सुखात होतो आपण."

लोक हसले. केशरबाईही हसल्या, पण हात मांडीवरच्या पिशवीवर घट्ट होता. पिशवीत भाकरी, ठेच्याची पुडी, पाण्याची बाटली आणि चष्मा. नर्मदाबाईंना त्यांनी इतकंच सांगितलं होतं की माझ्या मायचा फोटू हाय तिथं, बघून यावं. बाकीचं सांगितलं नव्हतं.

गढी म्हणजे लहानसा किल्लाच. चार बुरूज, मधे उंच दरवाजा, दरवाजाला हत्तीनं धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे. भिंतींना नवा रंग, पायरीपाशी कुंड्या. तिकिटाच्या खिडकीजवळ पोचताच दोघींनी पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

दारावरचा शिपाई म्हणाला, "आजी, चपला घाला. हे देऊळ न्हाई."

"देऊळ न्हाई ते माहीत हाय रं," नर्मदाबाई म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यानं तर गढी दिसली की पायतान काखंत मारलं म्हणून समज. त्याच्या सुना आमी."

"आता राजे न्हाईत आत."

"मग कोण हाय?"

शिपायानं मागं वळून चौकाकडं बघितलं. "सामान हाय," तो म्हणाला.

केशरबाईंचं त्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढा लहान दरवाजा होता, त्याच्याकडं त्या बघत होत्या. दिंडी दरवाजा. त्याच्या उंबऱ्याचा दगड मधे झिजून खोलगट झाला होता. इथंच. मावशीनं सांगितलेलं सगळं इथं झालं होतं.

*

मावशीनं ते शेवटच्या दुखण्यात सांगितलं. तोवर केशरबाईंना एवढंच ठाऊक की आई नदीवर पाण्याला गेली आणि पाय घसरला. पन्नाशी उलटलेली लेक मावशीचं अंग पुसत बसली होती, आणि मावशी भिंतीकडं तोंड करून बोलत होती.

राजांच्या घरी मुलगा झाला आणि राणीसाहेबांना दूध येईना. त्याच महिन्यात जवळच्या टाकळी गावच्या धुरपदाला मुलगा झाला होता. धुरपदा तरणी, निरोगी, अंगावर दूध भरपूर. गढीचा माणूस घरी आला. धुरपदाचा नवरा गढीच्याच शेतावर सालगडी, तो काय नाही म्हणणार? महिन्याभराचं स्वतःचं लेकरू बहिणीच्या ओटीत घालून धुरपदा गढीत गेली. जाताना म्हणाली, "राही, शेळीचं दूध निम्मं पाणी घालून पाज. आन् केशरीला माझी आठवण यिऊ दिऊ नको."

गढीचा कायदा होता. दूधआईनं घरी जायचं नाही. घरच्यांनी महिन्यातून एकदा दिंडी दरवाजापाशी यायचं, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं, आणि गढीची म्हातारी कुळंबीण, म्हणजे घरची दासी, शेजारी उभी असताना चार शब्द बोलून जायचं. चांगलं तेवढं बोलायचं. वाईट काही सांगायचं नाही. बाई दुःखी झाली की दूध नासतं, नासलेलं दूध लेकराला बाधतं, आणि लेकरू राजाचं आहे.

शेळीचं दूध बाळाला मानवलं नाही. घट बसले त्या दिवशी ते गेलं. बापानं शेताच्या बांधावर खड्डा केला. तीन वर्षांची केशर मावशीच्या कडेवरून ते बघत होती.

नवरात्र गेलं, दसरा गेला, दिवाळी आली. भाऊबीजेला मावशी केशरला घेऊन गढीवर गेली. वाटभर तिनं स्वतःला पढवलं होतं, बाळ चांगलं हाय, अंग धरायलंय, रांगायलंय. पोरीला पढवायचं तिच्या ध्यानात आलं नाही. तीन वर्षांचं पोर, त्याला काय बोलता येतंय.

धुरपदा दिंडी दरवाजाच्या आत येऊन उभी राहिली. अंगावर नवं लुगडं होतं. आधी हसली. म्हणाली, "राही, माझा फोटू काढला गं! हैदराबादचा फोटूवाला आला व्हता. माझ्या मांडीवर बाळराजे." मग म्हणाली, "माझं बाळ कसं हाय?"

मावशी म्हणाली, "चांगलं हाय."

आणि कडेवरची केशर म्हणाली, "बाळ खड्ड्यात हाय."

एवढंच झालं. धुरपदा ओरडली नाही. तिनं बहिणीच्या तोंडाकडं बघितलं, आणि बहिणीला तोंड फिरवता आलं नाही. दोन दिवसांत दूध आटलं. आठ दिवसांत गढीनं तिला लुगडं-चोळी करून परत पाठवली. घरी आली ती भिंतीला टेकून बसली. केशरला जवळ घेतलं नाही आणि ढकललंही नाही. मार्गशीर्षात एका सकाळी घागर घेऊन दुधनेवर गेली. घागर काठावर नीट ठेवलेली सापडली.

"घागर नीट ठिवलेली व्हती," मावशी भिंतीकडं बघून म्हणाली. "पाय घसरलेल्या बाईची घागर तशी ऱ्हाती का? पर तू मनाला लावून घिऊ नको. तुला काय कळत व्हतं?"

मनाला लावून घेऊ नको म्हणून माणसं निघून जातात. मागं राहिलेल्याला ते घेऊन जगावं लागतं.

त्याच साली गावात मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग निघाला. बाया यायला लाजत होत्या. केशरबाई पहिल्या दिवसापासून गेल्या. कुणीतरी म्हणालं होतं की राजवाड्यातल्या फोटोंखाली माणसांची नावं लिहिलेली असतात. शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. दुसरं कुठलं नाव लिहू म्हणून विचारलं तर सगळ्या बाया लाजून नवऱ्याचं नाव पुटपुटल्या. केशरबाई म्हणाल्या, धुरपदा.

*

आत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. गाइड म्हणून एक मुलगी होती, नीलम नावाची, सेलूची. गळ्यात ओळखपत्र, केसांना क्लिप, बोलणं चटपटीत. शाळेच्या सहलीची पोरं आणि मागं या दोघी असा घोळका करून ती सगळं दाखवत होती.

"भिंतीची जाडी बघा, सहा हात. बाहेर तोफ वाजली तरी आत झोपलेलं मूल जागं व्हायचं नाही."

राजांचा पलंग दाखवला, तलवारी दाखवल्या, पेंढा भरलेला बिबट्या दाखवला. बिबट्याचा एक डोळा काचेचा आणि दुसरा गेलेला.

"ह्याचा बी मोतीबिंदू काढलाय," नर्मदाबाई जावेच्या कानात म्हणाल्या. मग पलंगाकडं बघून म्हणाल्या, "एवढ्या उंच पलंगावर चढायचं कसं? आन् रातच्याला बाहीर जायचं झालं तर उडी मारायची का?"

"गप गं."

"आन् चूल कुठं हाय? इतक्या खोल्या हिंडले, एक चूल दिसंना. हे लोक खायचे काय?"

केशरबाई भिंती बघत होत्या. शेवटी नीलम म्हणाली, "आणि हे छायाचित्र दालन," आणि केशरबाईंचे पाय दारातच थांबले. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. नर्मदाबाईंनी त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या.

चारी भिंतींवर फोटो. दोघी पहिल्या भिंतीपासून निघाल्या. मिशा, फेटे, घोडे. साहेब लोक खुर्च्यांवर, शिकार पायाशी. केशरबाई फक्त बायांची तोंडं बघत होत्या. बाया कमीच होत्या. होत्या त्या दागिन्यांत बुडालेल्या, आणि प्रत्येकीच्या हनुवटीवर केशरबाई खळी शोधत होत्या.

"ही का बाई?" नर्मदाबाई विचारत. "ही तर दिसायला बरी हाय."

"ही राणी दिसायली."

"मग ही? न्हाई, हिला तर मिशा हायत."

"नर्मदे, त्यो राजा हाय."

"असू द्या. उजेड कमी हाय हितं."

दुसरी भिंत संपली, तिसरी संपली. लग्नाच्या वरातीचा फोटो, त्यात कडेला उभ्या चाकरमाणसांची तोंडं शेंगदाण्याएवढी. त्या तोंडांसमोर त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्यात तरणी बाई कुणी नव्हती.

चौथ्या भिंतीवर एकटाच मोठा फोटो होता, दाराएवढा. एक गुबगुबीत बाळ, डोक्याला जरीची टोपी, पायात वाळे, अंगावर झबलं. वरपासून खालपर्यंत भारी कापडानं झाकलेल्या उंच खुर्चीवर बसलेलं. बाळाची नजर सरळ बघणाऱ्यावर. खाली पितळी पट्टी होती. केशरबाई वाकल्या आणि बोटानं एकेक अक्षर धरून वाचू लागल्या. "यु, व, राज. युवराज उदाजी. सिं, हा, स, ना, वर. सिंहासनावर. द, स, रा. दसरा. एकोणीसशे सेहेचाळीस."

त्यांनी परत वाचलं. पट्टीवर धुरपदा नव्हती. फोटोत बाई नव्हती.

त्या मागं सरकून बाकावर बसल्या. मावशी खोटं बोलणारी नव्हती. मग आईच खोटं बोलली असेल? नवं लुगडं नेसून, दरवाजात उभी राहून, धाकट्या बहिणीपुढं थोडा मोठेपणा मिरवला असेल. असं वाटलं आणि केशरबाईंना आईची इतकी माया आली की छाती दुखली. मिरवू दे. तिला दुसरं काय होतं मिरवायला.

"न्हाई का सापडली?" नर्मदाबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

तेवढ्यात नीलम सहलीच्या पोरांना घेऊन त्या फोटोपुढं आली. "हे राजेवाकडीचे शेवटचे युवराज. सात महिन्यांचे असताना हैदराबादच्या छायाचित्रकारानं हा फोटो काढला. गेल्या वर्षी पुण्याला वारले ते. आता हे सिंहासन बघा. वर किनखापाचं कापड आहे. आणि इथं, बाळाच्या पोटाजवळ, सिंहासनाचा लाकडी हात थोडासा दिसतोय. त्यावर विंचवाचं कोरीव काम आहे. हे सिंहासन आम्ही गढीत सगळीकडं शोधलं, तळघर उपसलं, पण सापडलं नाही."

पोरं पुढं गेली. केशरबाई बाकावरून उठल्या. गुडघे वाजले. फोटोच्या इतक्या जवळ गेल्या की चष्मा काचेला लागला.

कापडाच्या दोन घड्यांमधून एक मनगट बाहेर आलं होतं. बोटं बाळाच्या झबल्यात रुतलेली. मनगटावर विंचू. आणि त्या विंचवाची नांगी डावीकडं वाकडी.

मावशीच्या हातावरही विंचू होता. लहानपणी केशर त्या विंचवावर गाल ठेवून झोपायची. त्याची नांगी सरळ होती. दोघी बहिणींनी एकाच जत्रेत, एकाच गोंदणारणीकडून, एकाच दिवशी गोंदून घेतलं होतं. "मी दात खाऊन बसले," मावशी सांगायची. "धुरपदानं सुई टोचताच हात हिसकला, म्हणून तिच्या विंचवाची नांगी वाकडी ती वाकडीच."

खुर्ची नव्हती. कधीच नव्हती. किनखापाच्या आत बाई बसलेली होती. कापडाच्या वरच्या टोकाला तिचं डोकं होतं, ते आता दिसत होतं. खांद्यांचा उतार दिसत होता. गुडघे दिसत होते. राजाच्या वारसाच्या पहिल्या फोटोत चाकरणीचं तोंड कोण येऊ देणार? पण बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर ठरत नसणार. मांडी पाहिजे होती, तोंड नको होतं. म्हणून तिला बसवली आणि वरून कापड टाकलं. आणि दिंडी दरवाजात उभी राहून ती म्हणाली होती, माझा फोटू काढला गं.

केशरबाईंनी काचेवर हात ठेवला. तो मनगटाजवळ नेला, पण मनगटावर ठेवला नाही.

बाळाचे गाल भरलेले होते. हनुवटीखाली वळी पडली होती. ते दूध कुणाच्या वाट्याचं होतं, हे केशरबाईंना ठाऊक होतं. पण बाळाचा राग येईना. बाळ बिचारं समोर बघत होतं. त्याचा जीव ज्या हातावर टेकलेला होता त्या हाताकडं त्या बघत राहिल्या. हात ताठ नव्हता. घाबरलेला नव्हता. निजायला आलेल्या लेकराला धरतात तसा सैल, पण पडू देणार नाही असा. आपल्यालाही या हातानं असंच धरलं असेल.

आता बोलायचं. तोंड नाही तर नाही, हात तर आहे. तीस वर्षांचं वाक्य घशापर्यंत आलं. "माय," त्या म्हणाल्या. ओठांतल्या ओठांत.

आणि थांबल्या.

पट्टीवर दसरा लिहिलेलं होतं. केशरबाईंनी पदराच्या आत बोटांवर दिवस मोजले. घट बसले त्या दिवशी बाळ गेलं. नवव्या-दहाव्या दिवशी दसरा. मग वीस दिवसांनी दिवाळी, भाऊबीज, दिंडी दरवाजा. त्यांनी परत मोजलं. तेवढंच आलं.

म्हणजे कापडाखाली बसलेल्या या बाईला अजून काही माहीत नव्हतं.

तिचं बाळ बांधावर पुरून दहा दिवस झाले होते, आणि ती इथं दुसऱ्याचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती, आणि कापडाच्या आत उकडत असेल, आणि तिच्या मनात असेल की आपलंही आता एवढं झालं असेल, टकामका बघत असेल. म्हणून तर हात असा सैल होता. अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. अजून कडेवरचं पोर बोललेलं नव्हतं.

केशरबाईंनी तोंडावर पदर धरला. दोन्ही हातांनी धरला, घट्ट, जसं लहान पोराचं तोंड दाबावं तसं.

"बाई, काय झालं?" नर्मदाबाई जवळ आल्या. "सापडली का तुमची माय? कुठंय? कशानं गेली म्हणून सांगत व्हती तुमची मावशी, नदीत..."

केशरबाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की नर्मदाबाई कळवळल्या.

"हितं बोलू नको."

"अगं माय, पर..."

"एक अक्षर बोलू नको हितं. चल."

नीलम पोरांना पुढच्या दालनात सोडून परत आली होती. म्हातारी रडते आहे असं बघून तिनं पाण्याची बाटली पुढं केली. "काय झालं आजी? चक्कर आली का? त्या फोटोतलं कुणी ओळखीचं आहे का?"

केशरबाईंनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते नीलमला कळलं नाही. त्यांनी तिचा हात धरला. "पोरी, तुला सांगायचं हाय. ते काय लाकूड न्हाई. पर हितं न्हाई सांगणार. बाहीर चल."

"इथं बाक आहे की. इथंच बसा."

"न्हाई. बाहीर."

तिघी निघाल्या. बिबट्याची खोली, तलवारींची खोली, पलंगाची खोली, मग चौक. नीलम म्हणाली, इथं सावलीत बसू. केशरबाईंनी मान हलवली. चौक ओलांडला. मोठ्या दरवाजाशी आल्या. शिपाई मोठा दरवाजा उघडा आहे म्हणून हात करत होता, पण त्या दिंडी दरवाजाकडं वळल्या, वाकल्या, आणि झिजलेल्या उंबऱ्यावरून बाहेर आल्या. बाहेर लिंबाखाली ओटा होता. तिथं जाऊन बसल्या. नर्मदाबाईंनी चपला पायाशी ठेवल्या आणि काही न बोलता शेजारी टेकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"सांगा आजी," नीलम म्हणाली.

केशरबाईंनी गढीकडं बघितलं.

"हितलं आत ऐकू जात न्हाई ना?"

नीलम हसणार होती, पण तिनं म्हातारीचं तोंड बघितलं. "नाही आजी. सहा हात भिंत आहे. काहीच ऐकू जात नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

मग केशरबाईंनी सांगायला सुरुवात केली. तरी आवाज बारीकच ठेवला.